खाजण राखायचं म्हणजे नेमकं काय राखायचं?

टिटवी (४ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, आज जरा वेगळं लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. मागच्या पडवीतून उतरलं की भातखाचरं, मग आतला बांध, आणि त्या बांधापलीकडे खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी दलदल. माझ्या लहानपणी ते खाजण नव्हतं, तिथेही भातच होता. २६ जुलै २००५ ला पाऊस आणि भरती एकदम आली, बाहेरच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं. पहिली दोन वर्षं नुसती पांढरीफटक जमीन. मग कडेकडेने तिवरं (खारफुटीची झाडं) उगवली, निवट्या (चिखलातले मासे) आल्या, चिंबोऱ्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग पक्षी आले. खांड पुढे कधीतरी दगड टाकून बुजवली, पण तिथल्या जुन्या उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, झडपा तोवर कुजून गेल्या होत्या. त्यामुळे आज आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं पाणी उघाडीच्या तीन गाळ्यांतून जातं.

खाजण सत्तरेक एकर असेल. कडेला तिवरांची दाटी, मध्ये उघडा चिखल. ऑक्टोबर ते एप्रिल ओहोटीला त्या चिखलाकडे लांबून बघितलं तर चिखलच हलतोय असं वाटतं, इतके छोटे टिलवे आणि तुतारी पक्षी असतात. गेल्या जानेवारीत पाणपक्षी गणनेसाठी नववीतल्या दोन पोरींना घेऊन बसले होते. पाणटिवळे एकेक मोजता येईनात म्हणून दहादहाचे गठ्ठे करत गेलो. चारशेच्या वर पोचलो आणि वरून एक घार आली, सगळं मुसळ केरात. तरी चारशे लिहिले.

परवा पुन्हा बसलो. सदतीस.

कारण कळायला वेळ लागला नाही. डिसेंबरात कुणीतरी ऐन भरतीच्या वेळी उघाडीच्या तिन्ही गाळ्यांना फळ्या ठोकून वर गोण्या रचल्यात. आत गुडघाभर पाणी कोंडलंय, हिरवट झालंय, वास येतो. चिखल उघडाच पडत नाही, मग टिवळ्याने चोच खुपसायची कुठे? तिवरांची खालची पानं पिवळी पडायला लागलीत.

तक्रार करायला एका कार्यालयात गेले. ते म्हणाले, तिवरं आमच्या अखत्यारीत, उघाडी नाही. दुसऱ्या कार्यालयात गेले. ते म्हणाले, उघाडी आमची, पण ही योजना आमच्या यादीत नाही. सात-बारा काढला तर पीक म्हणून अजून भात.

गावातल्या पोरांचं म्हणणं, अभयारण्य करून टाकूया, पर्यटक येतील. म्हाताऱ्यांचं म्हणणं, बांध नीट करा आणि शेती परत द्या. मधले काही लोक दलालाच्या गाडीतून फिरतायत. मला एवढंच विचारायचंय की अशा जागेला संरक्षण मिळवायचं तर सुरुवात कुठून करायची?

दादरचा_दादूस

मस्त लिहिलंय. फोटो टाका ना! माझं मत विचाराल तर थेट अभयारण्यच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या) गेलं. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरंच. तुमचं का नाही होणार? एकदा पाटी लागली की कुणाची हिंमत होत नाही.

चिंबोरी_६५

वाचतेय. अवांतर: तिथे जिताडा मासा मिळतो का अजून?

खारभूमीपुत्र

दादूस, दादरात बसून पाटी लावणं सोपं आहे हो.

मीही त्याच पट्ट्यातला, टिटवीताईंच्या गावापासून दोन गावं सोडून. माझ्या आजोबांचे सव्वादोन एकर असेच तिवरांखाली गेलेत. सात-बाऱ्यावर नाव आमचं, चिंबोऱ्या तिसऱ्याच्या टोपलीत, आणि एक फांदी तोडली तर गुन्हा आमच्यावर. तिवरं काय आमच्या पणज्याने लावली होती? बांध फुटला, वेळेवर बुजवला नाही, खारं पाणी आलं म्हणून ती आली. म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्यालाच आता सांगायचं की तुझ्या शेतात निसर्ग आलाय, हात लावू नकोस.

पूर्वी 'जोळ' असायचा. घरटी एक माणूस आला पाहिजे, उधाणाच्या आधी बांधावर चिखलाचे गोळे चढवले पाहिजेत. जो येणार नाही त्याने दंड भरायचा. माझा आजोबा पायाला जखम असताना गेलेला मला आठवतो, कारण न जाणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. पुढे खारभूमीच्या सरकारी योजना आल्या, १९७९ चा कायदा आला, आणि बांध 'त्यांचा' झाला. लोकांनी कुदळी घरी ठेवल्या. त्यानंतर बांधावर माणूस दिसतो तो पाहणीला आलेला, गॉगल लावून.

हा तोच खारेपाट आहे जिथे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा-सात वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला, पण खोतापुढे मान तुकवली नाही. जमिनीचा विषय इथे हळवा नाही, जिवाचा आहे. पक्ष्यांशी माझं वैर नाही. पण माझ्या जमिनीवर राखीव काय ते ठरवताना मला कुणी विचारणार आहे की नाही?

टिटवी

@खारभूमीपुत्र, दादा, विचारायलाच हवं. त्या खाजणात माझ्याही वडिलांचा अर्धा एकर आहे. आई अजून त्याला 'खालचं शेत' म्हणते, आणि बोट दाखवते ते तिवरांच्या गचपणाकडे.

कुंडलिकेकाठचा

मी बांधकामाकडून निवृत्त. पक्ष्यांतलं मला बगळा आणि कावळा यापलीकडे कळत नाही, पण उघाड्या बऱ्याच पाहिल्या आहेत. धाग्यात सगळे पक्षी आणि मालकी यावर बोलतायत, उघाडी मात्र मध्येच राहिली.

उघाडी कशी चालते ते आधी समजून घ्या. बांधात दगडी किंवा काँक्रीटचे गाळे, आणि प्रत्येक गाळ्याला समुद्राच्या बाजूने वर बिजागरी असलेली लाकडी झडप. भरती चढली की बाहेरचं पाणी झडपेला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. खारं आत येऊ नये आणि गोडं बाहेर जावं, एवढंच तिचं काम. झडप गेली की उघाडी दोन्हीकडून उघडी राहते. तुमच्या खाजणाचं तेच झालं आणि त्यातूनच तुमचे पक्षी आले. म्हणजे तुमचं अभयारण्य हे एका दुरुस्ती न झालेल्या उघाडीचं अपत्य आहे. हसू नका, खरंच तसं आहे.

आता मुख्य मुद्दा. आतल्या बांधाच्या अलीकडे अजून भात होतो, असं ताईंच्या लिहिण्यावरून दिसतं. त्या भाताचं पावसाचं पाणी कुठे जातं? आतल्या छोट्या उघाडीतून खाजणात, आणि तिथून मोठ्या उघाडीतून खाडीत. मोठी उघाडी गोण्यांनी बंद असेल तर जूनमध्ये खाजण भरलेलंच राहणार, आतली उघाडी उघडणार नाही, आणि लावणीच्या वेळी खाचरं पाण्याखाली जाणार. वर उधाण आलं तर पाणी वाड्यांत शिरेल.

तेव्हा @खारभूमीपुत्र, या एका बाबतीत तुमचा भात आणि ताईंचे ते टिवळे एकाच बाजूला आहेत.

खारभूमीपुत्र

हे डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे. आमच्याकडे एका वर्षी आतली उघाडी गाळाने बसली होती, तेव्हा नऊ दिवस लावणी खोळंबली. रोपं मुनीतच (रोपांच्या वाफ्यातच) पिवळी पडली.

भांडुपचा_बगळा

ठाणे खाडीचं उदाहरण वर आलंय म्हणून लिहितो. मी तिथे बरीच वर्षं पक्षी बघतोय.

अभयारण्य झालं हे चांगलंच झालं. साधारण १६९० हेक्टर. पण पाटी लागली की झालं, असं समजू नका. खाडीतले फ्लेमिंगो ओहोटीला चिखलावर चरतात. भरती आली की तो चिखल बुडतो, मग त्यांना टेकायला दुसरी उथळ, निवांत जागा लागते. त्या जागा कुठे आहेत? नवी मुंबईतल्या पाणथळी, नेरूळचा डीपीएस तलाव वगैरे. म्हणजे अभयारण्याच्या रेषेबाहेर. पक्ष्याला रोज दोनदा रेष ओलांडावी लागते, आणि रेषेपलीकडच्या पाण्याची जबाबदारी कुणाची यावर वर्षानुवर्षं भांडणं. डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट अडली तेव्हा तो आटला. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले फ्लेमिंगो रस्त्यावर उतरले होते, काही मेले. तिथेही कुणी पक्ष्याला दगड मारला नव्हता. पाणी अडलं, बस.

दुसरं, हे जरा अप्रिय आहे. तुमच्या पोरांना सांगा की उत्साहाच्या भरात उघड्या चिखलावर तिवरं लावू नका. कांदळवन म्हणजे सगळं चांगलं आणि चिखल म्हणजे रिकामी जागा, हा समज फार पसरलाय. टिलवे, पाणटिवळे, कोरल यांना उघडा चिखल लागतो, लांबवर दिसायला हवं, नाहीतर ते उतरतच नाहीत. आमच्याकडे एका रोपणाच्या कार्यक्रमात चरायच्या ऐन जागेवर चारशे रोपं खोचली, फोटो काढले, पाहुणे गेले. निम्मी रोपं पहिल्याच उधाणात वाहून गेली हे पक्ष्यांचं नशीब.

तिसरं, भरतीच्या वेळी तुमचे पक्षी कुठे जाऊन बसतात ते शोधून ठेवा. एखादा बांध, एखादं मिठागर, पडीक खाचर असेल. तिथे कुत्री आणि ड्रोनवाले पोचले तर चिखल कितीही चांगला असून उपयोग नाही. रशियाकडून उडून आलेल्या पक्ष्याला भरतीचे ते चार तास उभं राहून विसावा मिळाला नाही, तर एप्रिलला परत जायला अंगावर चरबी चढत नाही.

चष्मेवाला

टिटवी, 'पाणटिवळा' की 'मळगुजा'? ब्लॅक टेल्ड गॉडविटला आमच्या जुन्या सूचीत मळगुजा दिलंय.

टिटवी

दोन्ही वाचलंय. गावात विचाराल तर 'ती लांब चोचीची'. कोरललाही तेच म्हणतात, त्यामुळे भांडण मिटलं.

@भांडुपचा_बगळा, भरतीला आमचे बरेचसे बाहेरच्या बांधावरच बसतात, दगडांवर ओळीने. म्हणजे बांध त्यांनाही हवाय!

कलम_छत्तीस

वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, नुसती माहिती.

अभयारण्य जाहीर करायचं तर वन्यजीव कायद्यात (१९७२) जिल्हाधिकाऱ्यांमार्फत हक्कांची चौकशी असते. कुणाची जमीन, कुणाची वहिवाट, कुणाचा मासेमारीचा हक्क, सगळं. सत्तर एकरांत पन्नासेक खातेदार आणि त्यांचे वारस धरले तर तुमच्या नववीतल्या पोरी आज्या होतील.

२००२ च्या दुरुस्तीने दोन हलके पर्याय आले. ३६ अ खाली संवर्धन राखीव, ते सरकारी जमिनीसाठी. सिंधुदुर्गात तिलारीचं २०२० मध्ये झालं, साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं. तुमची जमीन खाजगी, म्हणून तुम्ही बघायचं ते ३६ क, समुदाय राखीव. इथे जमीनमालकांनी किंवा गावाने स्वतः पुढे यावं लागतं. मालकी जात नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीवरच्या राखीवाच्या व्यवस्थापन समितीत जमीनमालक, वन खात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी. मात्र एक गोष्ट सही करण्याआधी प्रत्येकाला समजावून सांगा: एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. दलालाच्या गाडीतले लोक हे कलम बरोबर वाचून येतील, तुम्ही न वाचता जाऊ नका.

तोवर हातात काय आहे? बरंच आहे. तिवरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा अंतरिम आदेश आणि १७ सप्टेंबर २०१८ चा अंतिम निकाल आहे. जमीन खाजगी असली तरी लागू. सार्वजनिक हिताचं काम असल्याशिवाय आणि कोर्टाने परवानगी दिल्याशिवाय तोड नाही, आणि भोवती ५० मीटरचा पट्टा. नुसता कुऱ्हाडीने तोडण्याचा प्रश्न नाही, भरतीचं पाणी अडवून मारणं हेही मारणंच. आणि उघडा चिखल म्हणजे बेवारस जागा नव्हे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे तिवरांच्याच वर्गात, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आहेत. तुमचं खाजण किनारा व्यवस्थापन नकाशात कुठल्या रंगात दाखवलंय ते आधी पाहा. नकाशात ते नुसतं 'शेती' दिसत असेल तर सगळी लढाई तिथून सुरू होते.

तक्रार लेखीच करा. गट क्रमांक, उघाडीचा फोटो, तारीख आणि त्या दिवशीची भरतीची वेळ. प्रत तहसीलदार, वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि खारभूमी विभाग, तिघांनाही एकाच पत्राने, प्रत्येकाच्या नावापुढे इतर दोघांचा उल्लेख करून. मग 'आमच्याकडे नाही' म्हणताना प्रत्येकाला ते लेखी म्हणावं लागतं.

दादरचा_दादूस

माघार घेतो बाबा. पाटी मागे.

पागवालो

टिटवीताय, मी मालवणकडचो. सगळो धागो वाचलंय. शेतकरी इले, वकील इले, इंजिनेर इले, पक्षीवाले इले. पण एकान पण इचारूक नाय की त्या खाजनात पाग (फेकूचा जाळा) कोण मारता, कालवां कोण काढता. त्येंका जमीन नाय, सात-बारो नाय. पण खाजनात रोज जाणारी माणसां तीच. उद्या समिती झाली तर तिच्यात त्येंचो एक तरी असतलो काय?

आमच्या खाडीत ऊद असत, पाणमांजरां. जाळ्यातले मासे खातत, जाळी फाडतत, म्हणान लोक आधी शिये घालीत. आता रोज जाणाऱ्यांकाच म्हायती असता खंयच्या बिळात पिल्लां असत आणि ती कोणाक सांगूची नसतत. वनखात्याचो माणूस महिन्यान एकदा येता, पागवालो रोज येता. राखण कोण करतलो, तुमीच सांगा. वेंगुर्ल्याक मांडवी खाडीत बायका होडयेतसून कांदळवन दाखवतत. होडी त्येंची, पैसे त्येंचे. थंय तिवर तोडूक कोण गेलो तर पयली आराड त्येंचीच.

आधी त्येंका इचारा, मगे पाटी लावा.

टिटवी (१७ जानेवारी)

@पागवालो, तुमचा प्रतिसाद वाचून खरं सांगते, लाज वाटली. रोज ज्यांना बांधावरून जाताना बघते त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं. काल शेजारच्या काकूंबरोबर गेले. वय सत्तरीच्या पुढे, लग्न होऊन आल्यापासून खाडीत जातात.

निघताना मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं तर म्हणाल्या, "त्यान् काय बघतेस? तिथीची पाऊणपट कर." अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहा वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. मी घाईघाईने वेळापत्रकाशी ताडून पाहिलं, अर्ध्या तासाच्या आत जुळतं.

उघाडीपाशी पोचल्यावर त्यांनी गोण्यांकडे बघितलंही नाही. खाली वाकून पाण्यात हात घातला, चिखल मुठीत घेऊन हुंगला आणि टाकून दिला. म्हणाल्या, निवट्या मेल्या, बिळं बंद झाली. महिनाभर त्या पलीकडच्या खाडीत चालत जातायत, जायला यायला दोन तास. आमच्या खाजणात त्यांच्यासारख्या अकरा बायका यायच्या. अकरा! मला पक्ष्यांच्या जाती तोंडपाठ, आणि हा आकडा माहीत नव्हता.

मग त्यांनी एका गोणीवर बोट ठेवलं. गोण्या रेशनच्या तांदळाच्या नाहीत की सिमेंटच्या नाहीत. कोळंबीच्या खाद्याच्या आहेत. खाजणात पाणी कोंडून कुणाला काय करायचंय ते मग सांगायला नको. कुणाचं काम आहे हे काकूंना माहीत आहे, आणि आता मलाही.

संपादक

कृपया धाग्यावर कुणाचंही नाव किंवा ओळख पटेल असा तपशील देऊ नये.

टिटवी

नाही देणार. तसंही गावात राहायचंय.

कुंडलिकेकाठचा

उघाडी उघडायचं ठरलं तर दोन गोष्टी. तिन्ही गाळे एकदम उघडू नका. महिनाभर कोंडलेलं पाणी एका दमात सुटलं तर गाळ्याखालचा पाया खरवडून नेईल, आणि ते सडकं पाणी खाडीत एकदम गेलं तर तिथले मासे वर येतील. ओहोटी लागल्यावर एक गाळा, तोही वरून एकेक फळी काढत. दुसरा दुसऱ्या दिवशी.

आणि खऱ्या झडपा पुढेमागे बसवाल तेव्हा कायमच्या बंद होणाऱ्या बसवू नका, नाहीतर खारं पाणी तुटेल आणि तुमची तिवरं आणि चिखल दोन्ही जातील. मधल्या गाळ्याला झडप ठेवून ती दोराने हवी तेवढी वर बांधता येईल अशी करा. मोठं उधाण आलं तर खाली सोडायची, एरवी वर. दोर कुणी सोडायचा आणि कुणी बांधायचा हे मात्र आधी ठरवा, आणि ती अकरांपैकी कुणीतरी असावी असं मला वाटतं. भरती त्यांना कळते.

खारभूमीपुत्र

२६ जानेवारीला तुमच्याकडे ग्रामसभा असेल ना? मी येतो. मतदार नाही, पण माझी आत्या तुमच्याच गावात दिलीय, तिच्या बाजूने दोन वाक्यं बोलेन. पक्ष्यांचं काढणार नाही. जूनमधल्या पाण्याचं काढतो.

भांडुपचा_बगळा

ताई, तुम्हीही सभेत पक्ष्यांचं शेवटीच काढा. अनुभवाने सांगतो.

टिटवी (३१ जानेवारी)

झालं ते सांगते.

ग्रामसभेत आधी तासभर नळपाणी योजना. मग आमचा विषय. दादा (@खारभूमीपुत्र) उठले आणि म्हणाले, उघाडी अशीच राहिली तर लावणीला आतल्या उघाडीचं पाणी कुठे काढणार ते आज सांगा, मी लिहून घेतो. सभेत जरा शांतता झाली. मागून एकजण म्हणाला, पक्ष्यांसाठी एवढा गाजावाजा कशाला. तेव्हा काकू उठल्या. त्या ग्रामसभेत पहिल्यांदाच बोलल्या असतील. म्हणाल्या, "पक्षी जाऊ दे. आमची निवटी कुणी मारली ते सांग." त्यावर कुणी काही बोललं नाही. ज्यांनी बोलायला हवं होतं ते खाली बघत होते.

ठराव एवढाच झाला की अडथळा पंचायतीने काढावा आणि वकीलसाहेबांनी सांगितलेलं तिघांच्या नावाचं पत्र पंचायतीच्या कागदावर जावं. समुदाय राखीवचा विषय मी मांडला, तो १ मेच्या सभेवर ढकलला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पन्नास खातेदारांपैकी निम्मे मुंबईत आहेत, मेमध्ये गावी असतात. त्यांच्याशी न बोलता ठराव झाला असता तर वर्षभरात मोडला असता.

परवा चतुर्थी होती, म्हणजे भरती तीनला. सकाळी नऊला पाणी पूर्ण उतरलेलं. मधल्या गाळ्याच्या वरच्या फळीचा खिळा निघेना, शेवटी एकाने कोयत्याने फळीच फोडली. आधी नुसती एक काळी धार आली, वास असा की सगळे दोन पावलं मागे. मग धारेची जाड पट्टी झाली. अर्ध्या तासाने आत बांधाच्या कडेला चिखलाची ओली रेघ दिसायला लागली, बोटभर, मग हातभर. तिवरांची वर आलेली श्वासमुळं महिनाभराने उघड्यावर आली होती, शेवाळाने माखलेली, पेन्सिली बुडवून काढल्यासारखी.

टिवळे आले नाहीत. आले ते बगळे, आठ-दहा, आणि गाळ्याच्या तोंडाशी रांग लावून उभे राहिले, वाहून येणारं गिळायला. मग एक खंड्या. आज तिसरा गाळा उघडला. संध्याकाळी छोटे टिलवे मोजले, साठच्या आसपास. त्यांना कळतं कसं कोण जाणे.

चिंबोरी_६५

वा वा! माझा प्रश्न अजून तसाच आहे.

टिटवी

जिताडा मिळतो. पण आता उघाडी उघडली म्हणून सगळ्यांनी टपून बसू नका, आधी काकूंचा नंबर.

२ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस. त्या निमित्ताने सकाळी पुन्हा मोजायला बसतोय. जवळपासचं कुणी येत असेल तर या. गमबूट आणू नका, चिखलात अडकून राहतात. जुने मोजे घालून या, कालवांच्या शिंपल्यांनी तळवे कापतात. ड्रोन आणणाऱ्याला चहा मिळणार नाही.

खारभूमीपुत्र

मी येतो. पण पक्षी मोजायला नाही, आजोबांचा बांध कुठवर होता ते मोजायला. तिवरांच्या अलीकडे किती उरलाय ते एकदा कळू दे.

टिटवी

टेप घेऊन या दादा. आमच्याकडे पंधरा मीटरचाच आहे, आणि त्याची पहिली वीत उंदरांनी खाल्लीय.